न्हाणीघराची मजुरी रास्त आहे का?

पूर्वी गावाकडे परसात चार काठ्या उभ्या करायच्या, त्यांना पोते गुंडाळायचे, आणि तिथेच बायकामाणसांची अंघोळ व्हायची. मग घरात मोरी आली. मोरीला शहाबादी फरशी आली. आता त्याच मोरीचे चांगले न्हाणीघर करावे, भिंतीला टाइल लावाव्या, आतच नळ आणावा, असे पुष्कळ घरांना वाटू लागले आहे. हे चांगलेच आहे. म्हातारे माणूस शेवाळावरून घसरत नाही. शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येत नाही. लेकीसुनांना आडोसा मिळतो.

पण काम काढायचे म्हटले की कंत्राटदार येतो. तो मोरीत डोकावतो, भिंतीवर दोन थापा मारतो आणि सांगतो, "काका, माल तुमचा. मजुरीचे २८ हजार होतील."

२८ हजार! सोयाबीन विकून जे हातात आले, त्यातले हे पैसे. आता हा आकडा रास्त आहे की फुगवलेला आहे? कसे ओळखावे?

बहुतेक माणसे दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण मान डोलावतात. त्यांना वाटते, यातले आपल्याला काय कळते? दुसरे काही जण घासाघीस करतात. "पाच हजार कमी करा" म्हणतात. कंत्राटदार आढेवेढे घेतो आणि पाच हजार कमी करतो. घरधनी खूश होतो. पण जरा विचार करा. पहिलाच आकडा दहा हजारांनी फुगवलेला असेल, तर पाच हजार कमी होऊनही आपण पाच हजारांनी बुडालोच. उलट पहिला आकडा रास्त असेल, तर ते पाच हजार कोठून कमी झाले? ते कामातून कमी झाले, नाहीतर मजुराच्या पोटातून कमी झाले. दोन्ही वाईटच.

म्हणून आम्ही सांगतो, आकड्याशी भांडू नका. आकडा उलगडा. मजुरीचा कोणताही आकडा तीन गोष्टींचा बनलेला असतो. काम किती, माणसे किती आणि दिवस किती. या तीन गोष्टी कागदावर मांडल्या की आकडा खरा की खोटा ते आपोआप दिसते. त्याला लागते ते गणित प्राथमिक शाळेतले आहे. बेरीज आणि गुणाकार येतो त्याला हे जमते. आता तुम्हाला लिहितावाचता येते. तेव्हा एक वही, एक पेन्सिल आणि मोजायची फीत घ्या. आपण मिळून हिशेब करू.

१. आधी काम काय ते लिहा

"न्हाणीघर नवे करायचे" हे काम नव्हे. ते कामाचे नाव झाले. त्यात लहानमोठी बरीच कामे असतात. ती एकाखाली एक अशी लिहून काढा.

पहिले काम तोडण्याचे. जुनी फरशी उचलायची, भिंतीचा जुना गिलावा पाडायचा, राडारोडा बाहेर काढायचा.

दुसरे काम नळाचे. पाण्याच्या नळ्या भिंतीत बसवायच्या आणि सांडपाण्याची नळी व जाळी नीट बसवायची.

तिसरे काम भिंत आणि जमीन तयार करण्याचे. नवा गिलावा करायचा, खाली कोबा करायचा, आणि पाणी झिरपू नये म्हणून गळतीबंद थर द्यायचा. कारागीर त्याला वॉटरप्रूफिंग म्हणतात.

चौथे काम टाइल बसवण्याचे. भिंतीला, जमिनीला टाइल लावून त्यांचे सांधे भरायचे.

पाचवे काम शेवटचे. नळ, तोट्या, जे काही बसवायचे ते बसवायचे आणि जागा धुऊनपुसून द्यायची.

ही यादी का करायची? कारण दोन कंत्राटदारांचे आकडे वेगळे येतात, तेव्हा पुष्कळदा कामेच वेगळी धरलेली असतात. एकाने तोडकाम धरलेले असते, दुसऱ्याने ते घरमालकावर सोडलेले असते. एकाने गळतीबंद थर धरलेला असतो, दुसऱ्याने तो गाळलेला असतो. ज्वारी आणि गहू एका भावात मोजता येत नाहीत. तसेच हे.

यादी करताना घरातल्या बायकांना विचारा बरं का! न्हाणीघर सर्वांत जास्त वापरतात त्या. कपडे धुण्याची जागा कुठे, बंब कुठे, खुंटी किती उंचीवर, म्हातारीला उठताना धरायला दांडी हवी का, हे त्याच सांगतील. काम सुरू झाल्यावर या गोष्टी आठवल्या की प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे पडतात.

२. मग माप घ्या

समजा, आपले न्हाणीघर ६ फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे. टाइल ७ फूट उंचीपर्यंत लावायच्या आहेत.

जमीन किती? लांबी गुणिले रुंदी. ६ गुणिले ५ म्हणजे ३० चौरस फूट.

भिंती किती? चार भिंती मिळून घेर काढा. ६ अधिक ५ अधिक ६ अधिक ५ म्हणजे २२ फूट. त्याला उंचीने गुणा. २२ गुणिले ७ म्हणजे १५४ चौरस फूट.

पण दाराच्या जागी टाइल लागत नाही. दार अडीच फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे असे धरू. ते झाले साडेसतरा चौरस फूट. वरची लहान खिडकी दीड चौरस फूट धरू. दोन्ही मिळून १९. आता १५४ मधून १९ वजा करा. राहिले १३५.

भिंती १३५ आणि जमीन ३०. एकूण १६५ चौरस फूट. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

कोणी कारागीर ब्रासमध्ये बोलतो. फरशीच्या व गिलाव्याच्या कामात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. आपले काम १ ब्रास आणि वर ६५ फूट झाले. कोणी चौरस मीटरमध्ये बोलतो. १ चौरस मीटर म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फूट. तेव्हा दर ऐकला की आधी विचारा, "हा दर फुटाला, ब्रासला की मीटरला?" तो शब्द ऐकायचा राहिला तर सगळा हिशेब चुकतो.

माप कंत्राटदाराच्या समोर घ्या. फितीचे एक टोक त्याच्या हातात, दुसरे आपल्या हातात. मग पुढे वाद राहत नाही.

३. मजुरी सांगण्याच्या तीन रीती

मजुरी तीन रीतींनी सांगतात. रोजाने, मापाने आणि उक्ते.

रोजाने म्हणजे दिवसाप्रमाणे. जितके दिवस काम, तितके रोज. यात मालकाला रोज लक्ष ठेवावे लागते. काम रेंगाळले तर पैसे वाढतात. लहान दुरुस्तीला, किंवा भिंत उकलल्यावर आत काय निघेल ते माहीत नसेल, तेव्हा ही रीत बरी.

मापाने म्हणजे चौरस फुटाप्रमाणे. टाइलच्या कामाला ही रीत सोयीची. पण दरात काय काय धरले आहे ते विचारावे. टाइलखालचा माल कालवणे त्यात आहे का? सांधे भरणे आहे का? दाराच्या जागेचे माप तो वजा करणार की नाही? कोपऱ्याच्या कडा घासण्याचे पैसे वेगळे का?

उक्ते म्हणजे सगळ्या कामाचा एकच ठोक आकडा. कंत्राटदाराने सांगितलेले २८ हजार हा उक्ता आकडा आहे. उक्त्यात मालकाला कटकट कमी. पण काम लवकर उरकण्याकडे करणाऱ्याचा ओढा असतो. शिवाय त्या एका आकड्याच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून उक्ता आकडा आला की तो रोजांत आणि मापात उलगडून पाहावा. तेच आता करू.

४. रोजांचा हिशेब

आधी गावात चौकशी करा. गवंड्याला आज काय रोज मिळतो? बिगाऱ्याला काय मिळतो? प्लंबरला काय मिळतो? ज्यांनी नुकतेच घर बांधले त्यांना विचारा. तालुक्याच्या नाक्यावर सकाळी मजूर उभे राहतात, त्यांनाच विचारा. कंत्राटदार काय घेतो ते नव्हे, हातांनी काम करणाऱ्याला काय मिळते ते विचारा.

आपण हिशेबापुरते असे धरू. गवंडी ९०० रुपये रोज, बिगारी ६०० रुपये रोज, प्लंबर १,००० रुपये रोज. तुमच्या भागात दर निराळे असतील. ते घालून हाच हिशेब करावा.

आता कामे एकेक घेऊ.

तोडकाम: दोन बिगारी, दीड दिवस. म्हणजे बिगाऱ्यांचे ३ रोज.

नळ्या बसवणे: प्लंबरचे २ रोज.

गिलावा, कोबा आणि गळतीबंद थर: गवंड्याचे २ रोज, बिगाऱ्याचे २ रोज.

टाइल आणि सांधे: इथे जरा थांबू. मोकळ्या मोठ्या खोलीत गवंडी झपझप फरशी बसवतो. न्हाणीघरात तसे होत नाही. जागा अडचणीची. दोन गवंडी एकदम आत मावत नाहीत. दर दोन हातांवर कोपरा येतो, नळाचे भोक येते, खिडकीची कड येते. प्रत्येक ठिकाणी टाइल कापावी लागते. जमिनीला उतार राखावा लागतो. म्हणून न्हाणीघरात दिवसाला ४० ते ४५ चौरस फूट नीट काम झाले तरी पुष्कळ. आपले १६५ फूट आहेत. त्याला ४ दिवस लागतील. सांधे भरायला आणि साफसफाईला १ दिवस. म्हणजे गवंड्याचे ५ रोज आणि बिगाऱ्याचे ५ रोज.

शेवटी नळ, तोट्या बसवणे: प्लंबरचा १ रोज.

आता बेरीज करू. गवंड्याचे २ आणि ५, मिळून ७ रोज. बिगाऱ्यांचे ३, २ आणि ५, मिळून १० रोज. प्लंबरचे २ आणि १, मिळून ३ रोज.

गवंडी: ७ गुणिले ९०० म्हणजे ६,३०० रुपये.
बिगारी: १० गुणिले ६०० म्हणजे ६,००० रुपये.
प्लंबर: ३ गुणिले १,००० म्हणजे ३,००० रुपये.
एकूण १५,३०० रुपये.

एवढे पैसे काम करणाऱ्या हातांचे. पण कंत्राटदारही माणूस आहे. तो माणसे गोळा करतो, कामावर देखरेख ठेवतो, हत्यारे आणि कापण्याचे यंत्र आणतो. एखादा गवंडी आला नाही तर दुसरा पाहतो. काम बिघडले तर पदरचे रोज घालून ते सुधारतो. त्याबद्दल त्याला काही मिळायलाच हवे. शंभराला १५ रुपये धरू. १५,३०० वर ते सुमारे २,३०० होतात. १५,३०० आणि २,३०० मिळून १७,६०० रुपये.

हा झाला आपला अंदाज. अंदाज म्हणजे सोनाराचा काटा नव्हे. दोन-तीन हजार इकडे किंवा तिकडे, हे चालायचेच.

५. दुसऱ्या रीतीने पडताळा

शाळेत आम्ही मुलांना सांगत असू, गणित सुटले की ताळा करून पाहा. इथेही तसेच करावे.

समजा, तुमच्या भागात न्हाणीघराच्या टाइलकामाची मजुरी चौरस फुटाला ४५ रुपये चालते. १६५ गुणिले ४५ म्हणजे ७,४२५ रुपये. आता रोजांच्या हिशेबात टाइलकामाचे काय धरले होते? गवंडी आणि बिगारी मिळून दिवसाचे १,५०० रुपये, असे ५ दिवस. म्हणजे ७,५०० रुपये. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. दोन वाटांनी गेलो आणि एकाच गावात पोचलो. म्हणजे वाट बरोबर आहे.

दोन आकड्यांत फार अंतर पडले तर समजावे की कुठेतरी चूक आहे. एकतर दिवस चुकीचे धरले, नाहीतर दर.

सरकारी कामांचे दर पाहण्याचीही सोय आहे. आपल्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. तिच्यात कामांचे दर दिलेले असतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथल्या तयार कामाच्या दरात सामान्यतः माल आणि मजुरी एकत्र धरलेली असते, आणि माप मीटरचे असते. म्हणून तो दर आपल्या नुसत्या मजुरीशी ताडून पाहू नये. नाहीतर मजुरी फार स्वस्त आहे असा उगाच भास होईल.

६. तीन आकडे आले, आता काय?

एकाच माणसाचा आकडा घेऊ नये. तिघांना बोलवावे आणि तिघांना तीच यादी, तेच माप द्यावे. समजा, तीन आकडे आले. ११,०००, १९,००० आणि २८,०००.

पहिल्यांदा ११,००० कडे पाहू. मन तिकडेच ओढते, खरं ना? पण आपला हिशेब काय सांगतो? नुसते हातांचे रोजच १५,३०० होतात. मग हा माणूस ११,००० मध्ये काम कसे करणार? तो काही पदरचे घालणार नाही. मग काय होईल? गळतीबंद थर गाळला जाईल. कोबा पातळ होईल. चार दिवसांचे टाइलकाम दोन दिवसांत उरकले जाईल. किंवा अर्धे काम झाल्यावर तो म्हणेल, "तोडकाम यात नव्हतं, मालक. त्याचे वेगळे द्या." त्या वेळी फरशी उखडलेली असते, नळ तुटलेले असतात, घरातली माणसे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात असतात. तेव्हा तो मागेल ते द्यावे लागते. अतिस्वस्त आकडा हा पुष्कळदा अर्धाच सांगितलेला आकडा असतो.

आता १९,०००. आपल्या अंदाजाहून हा १,४०० ने जास्त आहे. एवढा फरक रास्त धरावा. माणूस विश्वासाचा असेल, त्याचे आधीचे काम पाहिलेले असेल, तर इथे फार ताणू नये.

राहिले २८,०००. हा अंदाजाहून १०,४०० ने जास्त आहे. पण म्हणून लगेच त्या माणसाला लबाड म्हणू नका. त्याला बसवा, चहा द्या आणि शांतपणे विचारा.

"मिस्त्री, आकडा जरा उलगडून सांगा. गवंडी किती दिवस धरला? बिगारी किती? प्लंबर किती?"

कधीकधी त्याचे उत्तर पटण्याजोगे असते. तो म्हणेल, "काका, तुमची मागची भिंत मातीची आहे. मातीच्या लिंपणावर टाइल धरत नाही. तिथं आतून विटांची भिंत घ्यावी लागेल. त्याचे तीन-चार दिवस धरलेत. राडारोडा ट्रॉलीनं गावाबाहेर टाकायचा, तेही धरलंय." हे खरे असेल तर त्याने आपल्याला न दिसलेले काम दाखवले. मग तेवढे रोज आपल्या हिशेबात मिळवा आणि पुन्हा बेरीज करा. इतर दोघांनी ती भिंत धरली होती का, तेही विचारा.

पण तो नुसताच म्हणाला, "सगळीकडे हाच भाव आहे, तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" तर मग समजावे. कर नाही त्याला डर कशाला? ज्याचा आकडा खरा, तो उलगडून सांगायला कचरत नाही.

७. रास्त म्हणजे दोन्ही बाजूंनी रास्त

मजुरी रास्त आहे का, हा प्रश्न घरमालकाचा आहे तसाच मजुराचाही आहे. हे पुस्तक वाचणाऱ्यांत गवंडी असतील, बिगारी काम करणाऱ्या बाया असतील. त्यांनीही हाच हिशेब उलट्या बाजूने करावा. आपण उक्ते काम घेतले तर आपल्याला दिवसाला काय पडते? १० दिवस राबून रोज ४०० च पडणार असेल, तर ते काम त्या भावात घेऊ नये.

आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. कामाप्रमाणे किमान मजुरी ठरवून देण्याची रीत तेव्हापासून चालत आली आहे. सारख्या कामाला बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी, असाही कायदा १९७६ साली झाला. तेव्हा कंत्राटदार स्वस्त आकडा सांगत असेल, तर त्याला एवढे जरूर विचारावे, "बिगारी बाईला तुम्ही काय देता?" राडारोड्याच्या पाट्या डोक्यावरून वाहणारी बाई अर्ध्या मजुरीत राबत असेल, तर तो स्वस्तपणा आपल्या न्हाणीघराला शोभत नाही.

८. ठरले ते कागदावर

तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. दोन माणसांना एकच बोलणे दोन रीतींनी आठवते. त्यात लबाडी असतेच असे नाही. म्हणून ठरलेले लिहून काढावे. फार मोठा करार नको. वहीचे एक पान पुरे. ते असे लिहावे:

"न्हाणीघर ६ फूट गुणिले ५ फूट. टाइल ७ फूट उंचीपर्यंत. एकूण टाइलकाम १६५ चौरस फूट. माल घरमालकाचा. तोडकाम, राडारोडा अंगणापर्यंत काढणे, नळकाम, गिलावा, कोबा, गळतीबंद थर, टाइल, सांधे आणि तोट्या बसवणे ही कामे कंत्राटदाराने करायची. एकूण मजुरी १९,००० रुपये. यादीबाहेरचे काम निघाल्यास आधी भाव ठरवून मगच करायचे. पाणी झिरपल्यास किंवा टाइल सुटल्यास मजुरी न घेता दुरुस्त करून द्यायचे."

खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. एक प्रत आपल्याकडे, एक त्याच्याकडे. सही करण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवा, आणि दुसऱ्याने लिहिला असेल तर स्वतः वाचून मगच सही करा. लिहितावाचता येण्याचा उपयोग तो हाच.

९. काम होईल तसे पैसे

सगळे पैसे आधी देऊ नयेत. सगळे शेवटीही ठेवू नयेत. कंत्राटदाराला आठवड्याच्या बाजाराला मजुरांना पैसे द्यावे लागतात. तेव्हा हप्ते पाडावेत. १९,००० चे हप्ते असे करता येतील. काम सुरू होताना ३,०००. तोडकाम आणि नळकाम झाल्यावर ५,०००. गळतीबंद थराची परीक्षा झाल्यावर ४,०००. टाइल पूर्ण झाल्यावर ५,०००. राहिलेले २,००० न्हाणीघर पंधरा दिवस वापरून पाहिल्यावर. प्रत्येक हप्ता कागदाच्या मागे लिहावा आणि घेणाऱ्याची सही घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी काम कसे पाहावे? या चार गोष्टी कोणालाही करता येतात.

एक. नळ्या भिंतीत गाडण्यापूर्वी त्यांत दाबाने पाणी सोडून पाहावे. एकदा वर टाइल बसली की गळणारा सांधा सापडत नाही.

दोन. गळतीबंद थर वाळला की जाळीचे तोंड बंद करावे आणि जमिनीवर दोन इंच पाणी भरून ठेवावे. एक दिवस आणि एक रात्र तरी ठेवावे. दोन दिवस ठेवले तर उत्तम. बाहेरच्या भिंतीला ओल दिसली नाही, पाणी उतरले नाही, तरच टाइल लावू द्यावी. या दोन दिवसांत कारागीर कामावर नसतो. त्याचे रोज लागत नाहीत. आपणही घाई करू नये.

तीन. टाइल बसल्यावर तिच्यावर नाण्याने हलके वाजवून पाहावे. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, बद्द आवाज आला तर आत माल नीट भरलेला नाही. ती टाइल पुढे सुटेल.

चार. जमिनीवर एक तांब्या पाणी ओतावे. ते आपणहून जाळीकडे गेले पाहिजे. ६ फुटांत एक इंच तरी उतार हवा. पाणी कोपऱ्यात साचले तर तिथे शेवाळ धरेल, आणि म्हातारे माणूस घसरेल ते तिथेच.

गिलाव्याला आणि कोब्याला पाणी मारण्याचे काम मात्र घरच्यांनी करावे. त्याला पैसे पडत नाहीत आणि काम पक्के होते.

लक्षात ठेवा

कामांची यादी करा. माप स्वतः घ्या. गावातल्या रोजाचा दर विचारा. माणसे आणि दिवस मांडून बेरीज करा. कंत्राटदाराची देखरेख त्यात मिळवा. दुसऱ्या रीतीने ताळा घ्या. तिघांना एकच यादी द्या. फार जास्त आकड्याचे कारण विचारा. फार कमी आकड्याचे तर आधी विचारा. ठरले ते लिहा. काम पाहून पैसे द्या.

करून पाहा

तुमच्या घरातली मोरी मोजा. तिला ४ फूट उंचीपर्यंत टाइल लावायच्या आहेत असे धरा. दाराची जागा ४ फुटांपर्यंतच वजा करा. किती चौरस फूट काम निघते? तुमच्या गावचे दर घालून गवंड्याचे आणि बिगाऱ्याचे किती रुपये होतील? उत्तर वहीत लिहा आणि वर्गात सर्वांना वाचून दाखवा.